उजेडाच्या हिशेबातल्या सवलती

कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या अशा तिन्ही कला टिकवल्या. एके काळी सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली आणि गावाचे नाव पुन्हा चर्चेत आले. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळाचा सगळा संसार म्हणजे पडदा, बाहुली आणि मागचा दिवा. दिवा बदलला की पडद्यावरचा रावणही बदलतो.

हे मोजून दाखवता येते. समजा ज्योत २ सेंटिमीटर रुंद आहे, बाहुली ज्योतीपासून १ मीटरवर आहे आणि पडदा बाहुलीच्या पुढे ५ सेंटिमीटरवर. अशा वेळी सावलीची कड फार तर १ मिलिमीटर पुसट होते. प्रेक्षकाला ती रेखीवच दिसते. पडदा अर्धा मीटर पुढे नेला तर सावली दीडपट होते आणि कड १ सेंटिमीटर पसरते. आता ज्योत काढून तिच्या जागी चार फुटी ट्यूबलाइट आडवी लावा. पडदा पुन्हा ५ सेंटिमीटरवर आणला तरी डावी-उजवी कड ६ सेंटिमीटर फाकते, वरची-खालची मात्र जागेवर राहते, कारण ट्यूब आडवी लांब असली तरी उभी बारीक असते. रावणाची दहा तोंडे एकमेकांत मिसळून पट्टा होतो, मुकुटाची वरची कड तेवढी शाबूत.

संगणकावर त्रिमिती दृश्य रचून त्यातून चित्र काढणे, म्हणजे रेंडरिंग, हा धंदा करणाऱ्यांना गेली पन्नासेक वर्षे हाच प्रश्न सोडवावा लागतो आहे. मुंबई-पुण्याच्या व्हीएफएक्स स्टुडिओंत तर ‘लाइटिंग आर्टिस्ट’ ही स्वतंत्र नोकरी आहे. ब्लेंडरसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर उघडले की दिव्यांची यादी समोर येते: पॉइंट, सन, स्पॉट, एरिया. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावे थोडी इकडची तिकडे होतात. नवशिक्याचा समज होतो की हे दिव्यांचे प्रकार. बाजारात बल्ब, ट्यूब, हॅलोजन मिळतात तसेच हेही, असे त्याला वाटते.

प्रत्यक्षात ते दिव्यांचे प्रकार नाहीत, हिशेबातल्या सवलती आहेत. खऱ्या दिव्याला आकार असतो, अंतर असते, रंगपट्टा असतो, त्याचा उजेड भिंतीवर आपटून परत फिरतो. यातले काय सोडून द्यायचे हे ज्या त्या नावाने ठरवलेले आहे. या क्षेत्राचा इतिहास म्हणजे सुरुवातीला घेतलेल्या सवलती एकेक करून परत करण्याचा इतिहास. तो तपासायला मालवणचा किनारा सोयीचा आहे, कारण सूर्य, दीपगृह, गॅसबत्ती, काचेचे कौल, चुलीचा धूर आणि समुद्र असे सगळेच तिथे हाकेच्या अंतरावर आहे.

बिंदू, शंकू आणि समांतर किरण

सगळ्यांत जुनी सवलत म्हणजे दिव्याला आकारच नाही असे मानणे. पॉइंट लाइट हा अवकाशातला एक बिंदू. तो सगळ्या दिशांना सारखा उजेड टाकतो. पृष्ठभागावर किती उजेड पडला हे दोन गोष्टींवर ठरते. पहिली, किरण किती तिरका आला. हा नियम योहान लांबेर्टने १७६० मध्येच मांडला होता. दुसरी, अंतर. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई, तिप्पट झाले की नववा हिस्सा.

दशावतारी नाटकाची जुनी रात्र यावर उभी करता येते. वीज नसताना जत्रेत देवळाच्या आवारात गॅसबत्ती टांगत. बत्तीपासून १ मीटरवर उभ्या असलेल्या राजावर जेवढा उजेड, त्याचा नववा हिस्सा ३ मीटरवरच्या संकासुरावर. काळा पोशाख, काळे तोंड आणि त्यात नववा हिस्सा उजेड. त्याची लाल जीभ तेवढी आधी दिसणार. वेगळी प्रकाशयोजना न करता नुसत्या अंतराने नाट्य उभे राहते.

पण बिंदूला आकार नसल्यामुळे गणित अंगाशी येते. बत्तीजवळ १० सेंटिमीटरवर हात नेला तर उजेड १ मीटरच्या शंभरपट, आणि अंतर शून्य झाले तर अनंत. १९९२ मध्ये आलेल्या ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीत म्हणून प्रत्येक दिव्याचा उजेड अंतरानुसार कसा घटावा यासाठी तीन आकडे ठेवले होते आणि ते हवे तसे फिरवण्याची मुभा होती. प्रणालीने निदान ८ दिवे पुरवलेच पाहिजेत असा दंडक होता. त्या ८ दिव्यांची सावली आपोआप पडत नसे. उजेड भिंतीतून आरपार जाई. अंगणातल्या तुळशीपुढचा दिवा मागीलदारची विहीरही उजळून टाकी. सावली हा वेगळा हिशेब होता. त्याच्या दोन मुख्य रीती फ्रँक क्रोने १९७७ मध्ये आणि लान्स विल्यम्सने १९७८ मध्ये दाखवल्या. विल्यम्सची युक्ती अशी की कॅमेरा आधी दिव्याच्या जागी ठेवून चित्र काढायचे. दिव्याला जे दिसत नाही ते सावलीत. व्हिडिओ गेममधल्या बहुतेक सावल्या अजून या युक्तीच्या वंशातल्या आहेत.

स्पॉट लाइट म्हणजे बिंदूलाच शंकूची मर्यादा घातली. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या डेव्हिड वॉर्नने १९८३ मध्ये छायाचित्रकारांच्या स्टुडिओतल्या दिव्यांसारखी नियंत्रणे संगणकात आणली: झोत किती अरुंद, कडेला किती विरळ, बाजूला झडपा किती मिटलेल्या. गाड्यांची चित्रे झकपक दिसावीत ही त्यामागची गरज. वेंगुर्ल्याच्या किंवा देवगडच्या दीपगृहाचा झोत दाखवायला स्पॉट लाइट पुरतो, पण खरे दीपगृह काम करते ते भिंगामुळे. फ्रेनेलच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंगाने चहूकडे जाणारा उजेड वळवून एका दिशेला लावलेला असतो. संगणकातला शंकू उजेड वळवत नाही, नको तो कापून टाकतो. शंकू अर्धा केला म्हणून मधला झोत दुप्पट तेजस्वी होत नाही, आणि दीपगृह बांधणाऱ्याला तर नेमके तेच हवे असते.

तिसरा डायरेक्शनल लाइट, म्हणजे संगणकातला सूर्य. खरा सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यापर्यंत गेलो तरी त्या अंतरात काही फरक पडत नाही. म्हणून अंतर हिशेबातून काढूनच टाकले: किरण सगळे समांतर, उजेड सगळीकडे सारखा, लक्षात ठेवायची फक्त दिशा. सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट, बुरूज आणि आतली देवळे यांवर दुपारचे ऊन दाखवायला एवढे बऱ्यापैकी चालते. सगळ्यांत स्वस्त दिवा हाच.

आभाळ एका आकड्यात

या तिन्ही दिव्यांनी उजळलेल्या दृश्यात सावलीतला भाग पूर्ण काळा पडतो. खऱ्या जगात तसे होत नाही. माडाच्या सावलीत बसून पेपर वाचता येतो. युटा विद्यापीठातल्या बुई तुओंग फाँगने १९७३ च्या प्रबंधात उजेडाचे जे सूत्र मांडले, त्यात एक ठरावीक आकडा सगळीकडे मिसळून द्यायची सोय होती. हाच अँबियंट लाइट. त्याला जागा नाही, दिशा नाही, सावली नाही. आभाळ, भिंती, वाळू, समुद्र या सगळ्यांकडून येणारा उजेड एका आकड्यात गुंडाळलेला.

ही सवलत सगळ्यांत मोठी, आणि तिची लबाडी लगेच पकडली जाते. चिऱ्याच्या गडग्यात दोन दगडांच्या मधल्या फटीत आभाळ कमी दिसते, म्हणून तिथे उजेड कमी पोचतो. एकच आकडा सगळीकडे लावला तर फट आणि दगडाची पाठ सारखीच उजळते आणि गडगा पुठ्ठ्याचा वाटू लागतो. यावरची मलमपट्टी म्हणजे ‘अँबियंट ऑक्लूजन’: प्रत्येक बिंदूवरून आभाळाचा किती भाग झाकलेला आहे ते मोजून त्या प्रमाणात आकडा कमी करायचा. २००१ च्या ‘पर्ल हार्बर’ चित्रपटासाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्टुडिओने ही रीत वापरली आणि तिथून ती सगळीकडे गेली. भौतिकशास्त्राला ती मंजूर नाही, पण डोळा तिच्यावर खूश असतो.

दिव्याला आकार मिळतो

आकाराची सवलत परत करायला १९८४ उजाडले. रॉबर्ट कुक, टॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनी किरण विखरून सोडायची पद्धत मांडली. पृष्ठभागावरच्या बिंदूपासून दिव्याच्या एकाच जागेकडे नजर न टाकता दिव्यावरच्या निरनिराळ्या जागांकडे किरण सोडायचे. काही पोचतात, काही अडतात. सगळे पोचले तर पूर्ण उजेड, सगळे अडले तर पूर्ण सावली, काही पोचले तर मधली पुसट कड. एरिया लाइट तो हा: चौकोन, वर्तुळ, गोळा, नळी, कोणताही आकार. पिंगुळीच्या पडद्यामागची ट्यूब यानेच खरी उतरते.

सूर्यालाही आकार आहे, हे किनाऱ्यावर माडाखाली उभे राहिले की कळते. पृथ्वीवरून सूर्याची तबकडी साधारण ०.५३ अंशांची दिसते. त्यामुळे सावली पाडणारी वस्तू जमिनीपासून जेवढी दूर, तिच्या सुमारे १०८ व्या हिश्शाएवढी कड पुसट होते. मालवणात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. तेव्हा १५ मीटर उंच माडाच्या झावळीची सावली पाहा. कड जवळजवळ १४ सेंटिमीटर पुसट. झावळीचे एकेक पाते चार-पाच सेंटिमीटर रुंद. म्हणजे त्याला स्वतःची गडद सावली उरतच नाही, नुसता फिका पट्टा पडतो. त्याच वेळी खाली उभ्या माणसाच्या चपलेच्या सावलीची कड रेघ मारल्यासारखी. एकाच उन्हात दोन तऱ्हेच्या सावल्या. समांतर किरणांचा सूर्य मात्र दोन्ही सावल्या सारख्याच धारदार पाडतो, आणि पाहणाऱ्याला कारण न कळताही चित्र खोटे वाटते.

झावळ्यांमधल्या बारीक फटींतून जमिनीवर उन्हाचे जे गोल ठिपके पडतात ते फटींच्या आकाराचे नसतात, सूर्याच्या आकाराचे असतात. २६ डिसेंबर २०१९ चे कंकणाकृती ग्रहण केरळ आणि किनारी कर्नाटकातून गेले. सिंधुदुर्गात ते खंडग्रास होते. अशा ग्रहणात झाडाखालचे ठिपके कोरीसारखे वाकतात. डायरेक्शनल लाइटला हे कधीच जमणार नाही. म्हणून आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सन’ला कोन देण्याची सोय असते. अर्धा अंश भरला की माडाची सावली मऊ होते. एवढा एक आकडा किनाऱ्याच्या दृश्याला जो खरेपणा देतो, तो दहा जास्तीचे दिवे लावून येत नाही.

किंमत अर्थातच मोजावी लागते. किरण कमी सोडले तर चित्रात दाणे दिसतात, आणि दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. गेमला सेकंदात ६० चित्रे हवी असतात; तिथे हे परवडत नसे. २०१६ मध्ये एरिक हाइट्झ आणि सहकाऱ्यांनी बहुभुजाकृती दिव्याचा उजेड किरण न सोडता थेट सूत्राने काढण्याची रीत दाखवली. सूत्राने उजेड मिळाला, सावलीचा हिशेब मात्र पुन्हा वेगळा राहिला.

आभाळ हाच दिवा

अँबियंटच्या एका आकड्याला खरा पर्याय म्हणजे सभोवतालचे सगळे चित्रच दिवा म्हणून वापरणे. जेम्स ब्लिन आणि मार्टिन न्यूवेल यांनी १९७६ मध्ये चकचकीत वस्तूंवर आसपासचे चित्र प्रतिबिंबासारखे चढवून दाखवले होते. पॉल डेबेव्हेकने १९९८ मध्ये पुढचे पाऊल टाकले: प्रत्यक्ष जागी आरशासारखा गोळा ठेवायचा, कमी-जास्त एक्स्पोजरचे बरेच फोटो घ्यायचे, ते जोडून सूर्यापासून सावलीपर्यंतचे खरे तेज नोंदवायचे, आणि त्या नोंदीने संगणकातली वस्तू उजळायची. खऱ्या चित्रणात खोटी वस्तू बेमालूम बसवायची आजची रीत इथून आली. एन्व्हायर्नमेंट लाइट किंवा एचडीआरआय म्हणतात तो हाच.

चकचकीत वस्तूला सभोवतालचा सगळा तपशील लागतो. मातीच्या मडक्याला किंवा चिऱ्याच्या भिंतीला लागत नाही. रवी राममूर्ती आणि पॅट हॅनराहन यांनी २००१ मध्ये दाखवले की अशा निस्तेज पृष्ठभागासाठी आख्ख्या आभाळाचा परिणाम प्रत्येक रंगामागे अवघ्या ९ आकड्यांत मावतो. फाँगचा एक आकडा आणि डेबेव्हेकचे लाखो पिक्सेल यांच्यामधला हा सुवर्णमध्य आजही मोबाइलवरच्या गेममध्ये चालतो.

फोटो नसेल तर आभाळ सूत्रानेही रंगवता येते. प्रीतम, शर्ली आणि स्मिट्स यांचे १९९९ चे सूत्र सूर्याची जागा आणि हवेतला गढूळपणा घेऊन निरभ्र आभाळाचा रंग देते. कोकणाची अडचण अशी की वर्षातले चार महिने आभाळ निरभ्र नसतेच. पूर्ण ढगाळ आभाळाचे प्रमाण वेगळे: माथ्यावरचे तेज क्षितिजाजवळच्या तेजाच्या सुमारे तिप्पट धरतात. जुलैतल्या मालवणात सावली जवळपास नाहीशी होते, ओला चिरा गडद होतो आणि खाचखळग्यांत तेवढी काळोखी साचते. हे दृश्य करताना ‘सन’ लावणे हीच चूक. आभाळ हा एकच दिवा पुरतो.

जांभ्याने परत फेकलेला उजेड

आतापर्यंतचे सगळे दिवे बाहेरून लावलेले. पण उजेड पडलेली प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूसाठी दिवाच असते. जांभ्याच्या तांबड्या अंगणावर ऊन पडले की शेजारच्या चुना लावलेल्या भिंतीचा खालचा भाग तांबूस दिसतो. कॉर्नेल विद्यापीठात गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बटाइल यांनी १९८४ मध्ये रेडिओसिटी पद्धतीने नेमकी ही देवाणघेवाण मोजली. रंगीत भिंतींची त्यांची खोकी या शास्त्राची चाचणीखोली बनली. १९८६ मध्ये जेम्स कजियाने सगळ्या पद्धती एका समीकरणात बसवल्या. एखाद्या बिंदूवरून निघणारा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड अधिक त्याच्यावर चहूकडून पडून परत फेकला गेलेला उजेड. त्या चहूकडच्या प्रत्येक बिंदूलाही हेच समीकरण लागू. या समीकरणात पॉइंट, स्पॉट, एरिया असा भेद नाही. काही पृष्ठभाग स्वतः उजळतात, बाकीचे उसना उजेड पुढे देतात, इतकेच.

मग दिव्यांचे प्रकार निकालात का निघाले नाहीत? याचे उत्तर कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरात मिळते. मंगलोरी कौलांच्या छपरात मधे एखादे काचेचे कौल बसवलेले असते आणि दिवसा खोलीला उजेड पुरवायचे बरेचसे काम तेच करते. कौलाचे क्षेत्रफळ साधारण ०.१ चौरस मीटर. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच धरली तर भिंती, जमीन आणि छत मिळून ६६ चौरस मीटर. बिंदूवरून किरण वाटेल तिकडे सोडला तर तो कौलातून बाहेर पडून आभाळाला भिडण्याची शक्यता ढोबळमानाने सहाशे-सातशेत एक. बाकीचे सगळे किरण भिंतींवर आपटत बसतात. तासभर संगणक तापवून हाती येते ते दाणेदार काळे चित्र.

यावरची तोड म्हणजे त्या कौलाच्या जागी ‘पोर्टल’ नावाचा चौकोन ठेवायचा. तो स्वतः उजेड देत नाही, किरणांना वाट दाखवतो: इकडे बघा, आभाळ इकडून येते. समीकरण तेच, उत्तर तेच, फक्त शोध कुठे घ्यायचा ते माणसाने सांगितले. समीकरण माहीत झाल्यावरही दिव्यांची नावे टिकली ती यासाठी. आधी ती अज्ञानातून घेतलेली सवलत होती, आता ती माहीतगाराची खूण झाली आहे.

धूर, पाणी आणि स्वतः उजळणारे

त्याच कौलाखाली चूल पेटली की धुरात उन्हाचा तिरपा खांब उभा राहतो. इथे दिवा बदललेला नाही. हवा रिकामी असते ही सवलत मोडली आहे. किरणाच्या वाटेवर पावलापावलाला किती उजेड विखुरला आणि किती गिळला गेला हे मोजणे म्हणजे व्हॉल्युमेट्रिक लाइट. दीपगृहाचा झोत धुक्याच्या रात्री दिसतो तो याच हिशेबाने.

पाणी याहून अवघड. किल्ल्याच्या आसपास आणि तारकर्लीकडे स्कूबा करणारे समुद्राच्या तळावर उन्हाचे हलते जाळे पाहतात. प्रत्येक लाट क्षणभर भिंग बनते आणि ऊन एका रेघेत गोळा करते. या रेघांना कॉस्टिक म्हणतात. तळावरच्या बिंदूपासून उलटे किरण सोडले तर ते लाटेत वळून नेमके सूर्याच्या अर्ध्या अंशात घुसणे जवळपास अशक्य. हेन्रिक वान येन्सनने १९९६ मध्ये मांडलेल्या फोटॉन मॅपिंगने दिशाच उलटवली: सूर्याकडून कण सोडा, कुठे पडतात त्याची नोंद ठेवा, मग त्या नोंदीवरून चित्र काढा.

तिसरा गट स्वतः उजळणाऱ्या पृष्ठभागांचा, म्हणजे एमिसिव्ह. दिवाळीतल्या आकाशकंदिलाचा कागद असा दाखवता येतो, मोबाइलचा पडदाही. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर काही रात्री लाट फुटताना निळी चमकते. नॉक्टिल्युकासारखे सूक्ष्मजीव पाणी ढवळले की उजळतात. हा दिवा सतत लावून ठेवता येत नाही. पाणी कुठे किती घुसळले यावर त्याचे तेज ठरते, म्हणून लाटेचे गणित आधी आणि दिव्याचे नंतर.

दीपमाळेचा प्रश्न

ओपनजीएलच्या ८ दिव्यांत त्रिपुरारी पौर्णिमेची दीपमाळ कशी बसणार? प्रत्येक बिंदूसाठी प्रत्येक पणतीचा हिशेब केला तर पणत्यांच्या संख्येने काम वाढते. कॉर्नेलमधल्याच ‘लाइटकट्स’ पद्धतीने २००५ मध्ये दूरच्या दिव्यांचे घोळके करून एकेका घोळक्याला एक दिवा मानले. दीपमाळेच्या पायथ्याशी उभे असलेल्याला पणत्या वेगळ्या मोजाव्या लागतात, गावाबाहेरून येणाऱ्याला सगळी माळ एकच दिवा. किरणांचा हिशेब करणारी चिप असलेली आरटीएक्स ग्राफिक्स कार्डे २०१८ मध्ये बाजारात आली आणि २०२० च्या ‘रेस्टिर’ पद्धतीने शेजारच्या पिक्सेलला आणि मागच्या चित्राला सापडलेले महत्त्वाचे दिवे पुढे वापरून लाखो उजळणारे तुकडे खेळाच्या वेगात हाताळून दाखवले. संख्येची अडचण आता बरीच हटली आहे.

मोजमाप, रंगपट्टा, वेळ

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दिव्याचे तेज शून्य ते एकपर्यंतचा आकडा असे, आणि डोळ्याला बरे दिसेपर्यंत तो सरकवायचा. उणे तेजाचा, उजेड शोषणारा दिवा लावायची सोयही होती. सिनेमावाले एखादा कोपरा काळवंडायला ती आनंदाने वापरत. सकाळ, दुपार आणि रात्र एकाच दृश्यात दाखवायची वेळ आली की हे कोसळते. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास: फरक चार लाख पटींचा. २०१४ च्या सुमारास गेम इंजिनांनी लुमेन आणि लक्स ही खरी मापे स्वीकारायला सुरुवात केली. दिवे बनवणाऱ्या कंपन्या कोणत्या दिशेला किती उजेड जातो याची आयईएस नावाची फाइल देतात. ती जोडली की स्पॉटच्या शंकूऐवजी त्या दिव्याचा खरा झोत मिळतो.

रंगाची सवलत अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे. लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांत उजेड मांडतात. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा उंच सुळका असतो, गॅसबत्तीच्या जाळीचा रंगपट्टा वेगळा, पाण्यात तर लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळला जातो. तीन आकड्यांत दोन दिवे सारखे पांढरे दिसले तरी त्यांच्याखालची बांगड्याची पाठ सारखी दिसेलच असे नाही. न्यूझीलंडच्या वेटा स्टुडिओचे ‘मनुका’ हे रेंडरर म्हणूनच संपूर्ण रंगपट्टा धरून चालते.

आणि एक सवलत अशी, जी जवळपास सगळेच घेतात: उजेडाला पोचायला वेळ लागत नाही. ३० सेंटिमीटर जायला त्याला साधारण १ नॅनोसेकंद लागतो. नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांच्या एमआयटीतल्या गटाने सेकंदाला १ लाख कोटी चित्रे या गतीचे चित्रण करून बाटलीतून सरकणारा उजेडाचा ठिपका दाखवला. त्याआधी २००१ मध्ये रासकर आणि सहकाऱ्यांनी ‘शेडर लॅम्प्स’ मांडले होते. ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरने हिशेबाने उजेड टाकून संगमरवर आणि सूर्यप्रकाश दोन्ही त्यांनी तिच्यावर चढवले. रेंडरिंगचे दिवे संगणकातून बाहेर काढून खऱ्या वस्तूवर लावण्याचा तो प्रयोग होता.

मग कोणता दिवा लावावा

पन्नास वर्षांचा निष्कर्ष असा नाही की जुने दिवे टाकून द्यावेत. पर्यटकाच्या मोबाइलवर किल्ला फिरवून दाखवायचा असेल तर एक डायरेक्शनल सूर्य आणि आभाळाचे ९ आकडे पुरतात. त्याहून जास्त खर्च करणे म्हणजे बॅटरी जाळणे. स्वयंपाकघर दाखवायचे तर कौलाचे पोर्टल हवेच. दशावतार दाखवायचा तर बत्तीला आकार द्या, तिचे तेज लुमेनमध्ये घ्या आणि बाकीचा काळोख काळोख राहू द्या. तिथे अँबियंटचा एक आकडा घुसला की संकासुराची जरबच जाते. या दृश्यातून काय वगळले तर ते खोटे पडेल हे आधी ठरवावे. दिव्याचे नाव त्यातून आपोआप निघते.

हा प्रश्न आता केवळ सिनेमावाल्यांचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले. त्यांत १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला सिंधुदुर्ग आणि त्याच जिल्ह्यातला विजयदुर्ग आहे. अशा वास्तूंच्या त्रिमिती नोंदी होत राहणारच. लेझरने आणि ड्रोनने दगडन् दगड मोजता येतो, पण दगडाच्या फोटोत त्या क्षणाचे ऊन चिकटून येते. सकाळी काढलेल्या फोटोतली सावली प्रतिकृतीवर कायमची छापली गेली की नंतर त्यावर कोणताही दिवा लावा, तटाला दोन सूर्य दिसतात. हे टाळायला लागते ती सामग्री किरकोळ आहे: आरशासारखा गोळा, तिवई, कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो, तारीख-वेळ आणि लक्समीटरचे आकडे, भर उन्हात एकदा, ढगाळ दिवशी एकदा. आकाराच्या मोजणीच्या खर्चात ही भर नगण्य आहे. जो आराखडा किल्ल्याच्या नोंदीसाठी तयार होईल त्यात उजेडाचा रकाना पहिल्या दिवसापासून असावा, कारण मोजायचा राहिलेला दगड पुन्हा मोजता येतो, त्या दिवसाचे ऊन पुन्हा मोजता येत नाही.